रकान्यातली न्याहारी

९ जानेवारी

प्रिय वहिनी,

पार्सल मिळालं. दोन्ही ड्रेस अंगात गेले. करड्याचं मधलं बटण मी खाली बसले की कुरकुरतं, पण त्यात तुमच्या शिवणीचा दोष नाही. तुम्ही कापड शिवता, आत भरायचं काम माझं.

आता एक काम सांगते आणि त्यावर भाषण नको. बारा एप्रिलला आमच्या बिस्किटांच्या कारखान्याला पंचवीस वर्षं होतायत. चौघांना स्टेजवर बोलावणार आहेत. चव विभागातून मी. अकरा वर्षं त्या टेबलावर बसले आणि पहिल्यांदा कोणाला तरी माझी आठवण झाली. त्या दिवसासाठी निळा ड्रेस शिवा. तुमच्या वहीत माझं जे माप आहे त्याहून कंबरेला दोन इंच कमी. तोवर मी तेवढी होते. कोबीचं सूप झालं, लिंबूपाणी झालं, 'पांढरं काही नाही' झालं, 'सातनंतर काही नाही' झालं. ह्या वेळचं सोपं आहे. दुपारपर्यंत फक्त काळी कॉफी, मग एक सफरचंद, संध्याकाळी सूप.

दादाला हा परिच्छेद वाचून दाखवा, म्हणजे 'दिवसभर फुकटची बिस्किटं खाते' हे तुणतुणं थांबेल. आम्ही बिस्किटं खात नाही. घास घ्यायचा, चावायचा, जिभेवर फिरवायचा आणि पेल्यात थुंकायचा. चूळ भरायची, गुण लिहायचे, पुढचं. दिवसाला चाळीस. तोंड भरलेलं आणि पोट रिकामं, अशी नोकरी जगात दुसरी नसेल.

पुढचं मात्र वाचून दाखवू नका. फोनवर तो कान लावून बसतो म्हणूनच लिहितेय. टेबलावर बसण्याआधी रजिस्टरमध्ये एक रकाना भरावा लागतो: शेवटचं खाणं किती वाजता, काय. दीड तास आधी नीट न्याहारी करून यायचं असा नियम आहे, उपाशी माणसाला बसू देत नाहीत. मी रोज न्याहारी लिहिते. आजची: साडेसात, दोन टोस्ट, लोणी, एक अर्धकच्चं अंडं, अर्धा पेरू. इतकी छान लिहिते की शेजारच्या खुर्चीतला चष्मेवाला परवा म्हणाला, "बाई, एकदा सकाळी तुमच्याकडेच येतो."

हसू नका.

तुमची वन्सं

२० जानेवारी

प्रिय वन्सं,

भाषण नको म्हणालात, म्हणून करत नाही. एवढंच विचारते, दोन इंच काढू कुठून? मी शिंपीण आहे. कापड कापता येतं मला, माणूस नाही.

आणि वहीतलं माप म्हणाल तर तेही खरं नाही. माप घेताना तुम्ही श्वास रोखता. मी टेप कंबरेला लावला रे लावला की तुम्ही छताकडे बघता आणि पोट आत ओढून उभ्या राहता, शाळेत कवायतीला उभ्या असल्यासारख्या. अठ्ठावीस वर्षं बघतेय. मी वहीत तुमचं माप लिहिते, मनात दोन बोटं वाढवते आणि गप्प कापते. म्हणून आजवर तुमचा एकही ड्रेस फाटला नाही.

'वन्सं' लिहिताना अजून हसू येतं. लग्न झालं तेव्हा तुम्ही सोळा वर्षांच्या होतात, दोन वेण्या, गुडघ्याला खरचटलेलं. आणि मला सांगितलं गेलं की हिला अहो-जाहो करायचं. मी म्हटलं, करू. तुम्ही माझ्या ताटातल्या पोळीचा पापुद्रा उचलून पळालात. खायच्या बाबतीत तुम्हाला तेवढं धीट मी त्यानंतर कधी पाहिलं नाही.

रजिस्टरचं वाचून हसले नाही. त्या रकान्यात लिहिता त्याच्या निम्मं जरी पोटात टाकलंत तरी माझं समाधान होईल. लिहायला अंडं आणि प्यायला काळं पाणी. ओठात एक, पोटात एक असं म्हणतात; तुमच्या पोटात तेही नाही.

झालं भाषण. ड्रेस शिवते, तुम्ही म्हणता तसा.

तुमची वहिनी

१८ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

बसला! निळा ड्रेस बसला! पार्सल उघडलं आणि आधी गळ्याच्या आतली पट्टी बघितली. तुमच्या हातचा आकडा, दोन इंच कमी. म्हटलं, आता मांडीवरच अडकणार. तर सरळ खाली उतरला, वर बोटभर जागा. आरशासमोर दहा मिनिटं उभी होते. गेल्या कित्येक वर्षांत आरशासमोरून पळाले नाही असा पहिला दिवस.

गंमत म्हणजे माझा वजनकाटा अजून जुनंच गाणं गातोय. तो बिघडलाय. तुमच्या टेपवर माझा त्याच्यापेक्षा जास्त विश्वास. उचलून माळ्यावर टाकला.

आता थांबायचं नाही. अजून आठ आठवडे आहेत. दुपारचं सफरचंदही बंद केलं. कधी कधी जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते, कठडा धरते, जाते. चिडचिड मात्र फार होते. काल बसमध्ये एक बाई पाव खात होती, साधा पाव, कागदातून मोडून मोडून. मी तिच्याकडे इतकी टक लावून बघत होते की तिने मला एक तुकडा पुढे केला. मी काय म्हणाले माहितेय? "मी जेवून आलेय." आणि उतरायच्या दोन स्टॉप आधी उतरले. पाव खाणाऱ्या बाईचा राग आला, तुमचा विश्वास बसेल?

पण ड्रेस बसला.

तुमची वन्सं

२६ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

पत्र मिळालं. ड्रेस बसला हे बरं झालं.

आता पुरे करा ना. बसलाय तर बसलाय, अजून कमी कशाला? अंधारी येते ही गोष्ट दोन ओळींच्या मध्ये लपवून लिहिलीत, पण मी बारीक टाके बघणारी बाई आहे, मला दिसली. सफरचंद सुरू करा. त्या बाईचा पाव घ्यायला हवा होता.

आणखी काही लिहायचं होतं, पण गिऱ्हाईक आलंय. मग लिहीन.

तुमची वहिनी

ता. क. तुझा दादा लिहितोय. काय गं पार्सल, किती किलो उतरलं? फोटो पाठव, ओळखतो का बघू!

२८ मार्च

प्रिय वन्सं,

महिना झाला, तुमचं पत्र नाही. फोन केला तर "कामात आहे" म्हणून ठेवलात, दोनदा. मी पाठवलेलं जाकीट पोस्टातून परत आलं, 'घेतले नाही' असा शिक्का मारून. मी काही बोलले का? की दादाच्या त्या ओळीचा राग आला? त्याला मी त्याच दिवशी झापलं होतं, पण पाकीट त्याने आधीच चिकटवलं होतं.

की तुमची तब्येत? डोळ्यांपुढच्या अंधारीचं मला सारखं आठवतंय. मशीनवर बसले की टीप वाकडी जाते.

गेल्या वेळी गिऱ्हाईक आलं नव्हतं. मला लिहवलं नाही. आता लिहिते, कारण न लिहून झोप लागत नाही. निळा ड्रेस मी दोन इंच कमी केलेला नाही. तुमच्या खऱ्या मापाचा आहे, श्वास सोडलेल्या. गळ्यातली पट्टी तेवढी दुसरी लावली. वाटलं, पोरीला एक दिवस आनंद होऊ दे, ड्रेस बसला की हा नाद सोडेल. झालं उलटंच. तुम्ही काटा माळ्यावर टाकलात आणि सफरचंद बंद केलंत ते माझ्या त्या दोन बोटांच्या चिंधीवर विसंबून. चांगलं करायला गेले आणि आगीत तेल ओतून बसले.

रागवा. पण लिहा.

तुमची वहिनी

६ एप्रिल

वहिनी,

रागवा म्हणालात, म्हणून रागावते.

सगळं जग माझ्याशी खोटं बोललं तरी चालेल, पण तुमचा टेप? दहा मिनिटं आरशासमोर उभी होते मी, वहिनी. आता त्या दहा मिनिटांचं काय करू? तुमचं पत्र वाचून ती पट्टी कात्रीने उसवली. गळ्यापाशी भोक पडलं. पडू दे. बारा तारखेला ड्रेस लागणार नाही.

का ते ऐका. अकरा मार्चला लोण्याच्या बिस्किटांची एक बॅच टेबलावर आली. आदल्या दुपारपासून माझ्या पोटात कॉफीशिवाय काही नव्हतं. पहिला घास घेतला आणि, काय सांगू, असं बिस्किट मी जन्मात खाल्लं नव्हतं. खाल्लं, हो. थुंकायचं विसरले. पाचही नमुने गिळले. चष्मेवाल्याने कमी गुण देऊन पुढे लिहिलं होतं, 'वास?' आणखी एकीनेही. मी ज्येष्ठ, शेवटचा शब्द माझा. मी लिहिलं, "लोण्याचा सुवास उत्तम, चव भरलेली. पास."

आठ दिवसांत डबे परत यायला लागले. लोणी खवट होतं. साधं नाही, शेजारच्या खोलीत वास जाईल इतकं. आमच्या मुख्य बाईंनी मला आधी कँटीनमध्ये बसवून जेवायला लावलं, तासभर थांबल्या, मग त्याच बॅचचं बिस्किट दिलं. तोंडात घातल्या घातल्या थुंकलं. भुकेला कोंडा म्हणतात ना. मी कोंडा पास केला, वहिनी, आणि त्यावर 'उत्तम' लिहिलं.

मग त्यांनी रजिस्टर काढलं. अकरा मार्चचा रकाना मोठ्याने वाचला. "सव्वासात. ऑम्लेट, दोन टोस्ट, दूध, द्राक्षं." मग दहाचा. मग नऊचा. चष्मेवाला समोर उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. तो बिचारा माझ्या न्याहाऱ्या आठवत होता.

बाईंनी विचारलं, "ह्यातलं खरं किती?" मी म्हटलं, "दूध. ते मी एकदा प्यायले होते."

टेबलावरून काढलंय. पॅकिंगला टाकलंय. जूनमध्ये पुन्हा परीक्षा घेणार, जमलं तर परत, नाही तर कायमची खोक्यांवर. स्टेजच्या यादीतून माझं नाव गेलं. जाकीट मीच परत केलं, आणखी एक नवा कपडा बघवेना.

आता तुम्हीही उपदेश करा. खाई त्याला खवखवे. इथे न खाणारीलाच खवखवतंय.

— नणंद

१३ एप्रिल

अगं ए बाई,

आज अहो-जाहो नाही. अहो-जाहो करून मी तुला अठ्ठावीस वर्षं चुचकारलं, त्याचं फळ बघितलं.

पट्टीचं खोटं माझं. ते मी घेते, पदरात घाल. पण अकरा वर्षांच्या न्याहाऱ्या तुझ्या. रोज सकाळी उठून स्वतःसाठी एवढं चविष्ट खोटं रांधत होतीस, त्यात खरं एक अंडं उकडायला सात मिनिटं लागतात. बारीक व्हायला निघालीस आणि घालवलं काय, तर जीभ. ज्या जिभेवर तुझं पोट चालतं तीच. काल मशीनवर बसून मी रडले आणि मग मला तुझा इतका राग आला की सुई मोडली.

आता माझंही ऐक. तुझं पत्र आलं तेव्हा मी ओट्याशी उभी होते. हातात काय होतं? दादाच्या ताटात उरलेला बटाटा आणि पातेल्याच्या कडेचं खरवडलेलं. हे माझं जेवण. किती वर्षं? मोजली नाहीत. गिऱ्हाईक येईल, इस्त्री तापलीय, टाकायचं कशाला, ह्यावर मी जगते. तू रिकाम्या पोटी खोटं लिहितेस, मी उभ्या उभ्या उरलेलं गिळते, आणि एकमेकींना शहाणपण शिकवायला दोघी तयार. तुझं पत्र मी खाली बसून पुन्हा वाचलं. खुर्ची ओढली, ताट घेतलं, गरम वाढून घेतलं. तुझा दादा दचकलाच. "काय झालं? कोण गेलं?" म्हणाला. मी म्हटलं, "कोणी गेलं नाही. मी जेवतेय."

त्याला आज मी दुसरंही विचारलं. तुला 'पार्सल' का म्हणतो? आधी हसला. मग सांगितलं. तू तेरा वर्षांची, मामंजी पार्सल ऑफिसात, आणि ह्याने तुला तिथल्या मोठ्या काट्यावर उभं केलं, मित्रांसमोर. आकडा ओरडून सांगितला आणि लेबल चिकटवलं पाठीवर. तू लेबल घेऊन घरापर्यंत चालत आलीस, तुला ठाऊकच नव्हतं. हे मला अठ्ठावीस वर्षांत तू सांगितलं नाहीस. का गं?

तुमच्या कारखान्यात डॉक्टर असेल ना? जा. आणि मला पत्रात बातम्या नकोत. काय खाल्लंस ते लिही, खरं. मीही लिहीन. माझं आज: भात, पालेभाजी, दही. बसून.

वहिनी

९ मे

प्रिय वहिनी,

लेबलाचं नका विचारू. ते काढलं कोणी माहितेय? आईने. काढलं आणि रात्री माझ्या ताटात एक घास कमी वाढला. तिला वाटलं, मदत करतेय.

डॉक्टरीणबाईंकडे गेले. हातात कागद घेऊन बसले की आता सांगतील काय बंद, काय चालू. त्या म्हणाल्या, "काही बंद नाही. तीनदा जेवा, खाली बसून. मध्ये भूक लागली तर आणखी खा. वजनकाटा माळ्यावर आहे ना, तिथेच राहू दे. जिन्यावर अंधारी आली तर मात्र लगेच या." बस. मी विचारलं, "किती खाऊ?" म्हणाल्या, "भूक भागेपर्यंत." हे काय औषध झालं? अकरा वर्षं मी गोडी, खुसखुशीतपणा, रंग, वास ह्यांना दहापैकी गुण देतेय आणि ही बाई मला आकडाच देत नाही!

मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला भूक कुठे लागते?" मी डोक्यावर बोट ठेवलं. खरंच सांगते, पोटाकडे हात गेलाच नाही. जगातल्या कुठल्याही बिस्किटात मीठ किती ते मी सांगेन, पण मला भूक लागलीय की नाही हे मला कळत नाही. घड्याळ बघून जेवते आणि जेवून झाल्यावर घड्याळाकडेच बघते, पोट भरलं का म्हणून.

तुम्हाला वाटत असेल, पाव-लोणी खाल्लं आणि पोरगी सुखी झाली. नाही झाली. पहिल्या आठवड्यात लोणी लावताना चोरी करतेय असं वाटायचं. पडदा ओढून खायचे. एका रविवारी बिस्किटांचा अख्खा पुडा उभ्या उभ्या संपवला, चव न घेता, मी! आणि मग ठरवलं, उद्या दिवसभर काही नाही. सोमवारी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. वाटलं, रागावतील. म्हणाल्या, "आज दुपारचं जेवण चुकवू नका." मला इतका संताप आला! रागावल्या असत्या तर मी उपाशी राहून त्यांना दाखवून दिलं असतं.

करड्याचं बटण तुटलं. पॅकिंगमधली एक म्हणाली, "तब्येत सुधारली हं." जाळी घातलेल्या डोक्याने मी खोकी चिकटवत राहिले आणि मनात तिला दहापैकी शून्य दिले.

एकच गोष्ट झाली. मंगळवारी अकरा वाजता पोटात काहीतरी ओढल्यासारखं झालं. मला वाटलं, आजारी पडतेय. डॉक्टरीणबाईंकडे जायला निघाले. अर्ध्या वाटेत कळलं. परत फिरून डबा उघडला.

आजचं: सकाळी अंडं, पाव. दुपारी भात, वाटाणे, काकडी. आता केळं. सगळं खरं. चव म्हणाल तर वाटाणे कच्चे होते.

वन्सं

२० मे

वन्सं,

भुकेसाठी डॉक्टरकडे निघालेली पहिली बाई तू. (बघ, 'वन्सं' लिहिलं आणि 'तू' पण. आता हेच राहू दे.) मी हसले आणि मग पत्र पुन्हा वाचलं.

माझं बसून जेवण बारा दिवस चाललं, मग चार दिवस मोडलं. एक घाईचं काम होतं. पाचव्या दिवशी दादाने स्वतः मशीनचं बटण बंद केलं. "एक वाजला," म्हणाला. मी म्हटलं, "बाही राहिलीय." तर म्हणाला, "बाही कुठे पळत नाही." आता समोर बसतो. तोंडी लावायला त्याची बडबड, तेवढंच पथ्य पाळता येत नाही.

करडा पाठव, शिवण सोडून देते. आत कापड आहे, मी ठेवलंच होतं. पट्टी लावणार नाही, कसलीच.

दादाला खाली जागा हवीय. ह्या वेळी मी पाकीट चिकटवणार आहे.

वहिनी

धाकटे,

तुझ्या वहिनीने सांगितलंय की विनोद केला तर जेवण नाही. म्हणून सरळ लिहितो. त्या दिवशी काट्यावर आधी मी उभा राहिलो होतो. कोणी नव्हतं तेव्हा. माझा आकडा तुझ्यापेक्षा मोठा होता. मित्र आले आणि मला वाटलं, आता मलाच चढवतील, म्हणून तुला चढवलं. हे मी कोणाला सांगितलं नाही. वहिनीलाही आज कळेल. पुढे सगळे तुलाच हसत राहिले आणि मी सुटलो.

पुन्हा त्या नावाने हाक मारणार नाही.

दादा

११ जून

प्रिय वहिनी,

दादाचं पत्र चारदा वाचलं. पहिल्यांदा पाकीट फेकलं. एकतीस वर्षं मी त्याच्या काट्यावर उभी होते आणि तो खाली उभा राहून सुटला होता! दुसऱ्या वेळी उचललं. त्याला सांगा, अजून माफ केलेलं नाही, पण उत्तर देईन. आणि त्याला जेवायला वाढा.

आता परीक्षेचं. मंगळवारी दहा वाजता होती. मुख्य बाई, मोठ्या ऑफिसातून आलेले एक साहेब, आणि थुंकायचे पाच पेले. मी सातला उठून पाव, अंडं, केळं खाऊन गेले होते. रजिस्टर पुढे आलं. रकाना बघून हात थांबला. खरं लिहायला इतका वेळ लागतो, मला माहीत नव्हतं. "साडेआठ. पाव एक, अंडं एक, केळं अर्धं. अर्धं टाकलं, जास्त पिकलं होतं." बाईंनी वाचलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

आणि मग भट्टी बंद पडली. नमुने येईनात. अकरा, साडेअकरा, बारा. साहेबांचे चार फोन. पावणेएकला ट्रे आला. "चला, उरकून टाकू," साहेब म्हणाले. मी पहिलं बिस्किट उचललं, नाकाशी नेलं, आणि वास इतका सुंदर आला, वहिनी, इतका सुंदर, की मी ओळखलं. तो अकरा मार्चचा वास होता. बिस्किटाचा नाही, माझ्या भुकेचा.

पोटात ओढत होतं. ह्या वेळी डोक्यात नव्हे, पोटात.

मी बिस्किट खाली ठेवलं. म्हटलं, "मला भूक लागलीय. आता मी काहीही लिहिलं तरी त्यावर भरवसा ठेवू नका."

साहेब म्हणाले, "अहो, पाचच तर आहेत. दहा मिनिटांचं काम. नंतर खा ना." मी म्हटलं, "नंतर नाही." साहेब बाईंना म्हणाले, "ह्यांना नोकरी हवीय की नाही?" मी उठले आणि कँटीनमध्ये गेले. भात, बटाटा, ताक. खाली बसून. चष्मेवाला समोर येऊन बसला, म्हणाला, "बाई, ह्याला न्याहारी म्हणायचं की जेवण?" मी म्हटलं, "खरं म्हणा." अर्ध्या ताटात मला रडू आलं, पण जेवण सोडलं नाही.

साहेब निघून गेले. कागदावर माझं 'अनुपस्थित' लागलं. दोन दिवस मी धरून चालले की आता आयुष्यभर खोकी. इतकी चिडले स्वतःवर! दहा मिनिटं होती, वहिनी. दहा मिनिटं कळ काढता आली नसती? सगळा जन्म कळ काढली की.

शुक्रवारी बाईंनी बोलावलं. सकाळी नऊला, त्या आणि मी, दोघीच. पाच नमुन्यांपैकी चार ओळखले. खवट कोणतं ते वासावरूनच. एक चुकला, मिठाचा. सोमवारपासून मी टेबलावर परत आहे, पण शेवटच्या खुर्चीत. ज्येष्ठाची जागा चष्मेवाल्याची. 'वास?' त्यानेच लिहिलं होतं, त्याचीच आहे. मला वाईट वाटतं. वाटणारच. बाई एवढंच म्हणाल्या, "अकरा वर्षांत 'मी उपाशी आहे' असं मला कोणी सांगितलं नाही. तुम्ही एकट्याच उपाशी होतात असं वाटत नाही मला." आणि रजिस्टर मिटलं.

पुडा अजून कधी कधी उभ्यानेच संपतो. सकाळी आरशासमोरून अजून वळून जाते. लोणी लावताना पडदा आता अर्धाच ओढते. एवढीच प्रगती.

करडा सोबत पाठवतेय, सोडून द्या. निळ्याच्या गळ्याचं भोक रफू होईल का बघा, पट्टी नको. आणि एक नवा ड्रेस शिवा, कुठल्या समारंभासाठी नाही, कामावर घालायला. कोपऱ्यावरच्या दुकानातून टेप आणला. माप मागच्या पानावर लिहिलंय. तीनदा घेतलं.

दोन बोटं वाढवू नका. श्वास सोडून घेतलंय.

वन्सं